ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवू नका: पावसाळ्याआधीचे एक आवाहन

गेल्या पावसाळ्यापासून आजवर तुम्हाला किंवा घरात कुणाला मलेरिया झाला असेल आणि रक्ताच्या रिपोर्टवर 'व्हायवॅक्स' असे लिहिलेले असेल, तर आज एक काम करा. औषधांचा डबा उघडा आणि प्रायमाक्वीनची पट्टी सापडते का बघा. तीत गोळ्या शिल्लक निघाल्या, तर तुमचा कोर्स पुरा झालेला नाही. त्या गोळ्या आपल्या मनाने तोंडात टाकू नका. ती पट्टी आणि जुना रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि सरळ सांगा, 'माझा कोर्स अर्धा राहिला होता, आता काय करू?' पाऊस लागायच्या आत हे झाले पाहिजे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल आणि गोव्यात राहणाऱ्यांना तर ही हात जोडून विनंती आहे.

घाई का, ते सांगतो. आपल्याकडे हिवतापाचे मुख्य जंतू दोन. फॅल्सिपेरम जास्त जीवघेणा. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जोर त्याचा. व्हायवॅक्स शहरांतला, किनारपट्टीवरचा, आणि चिवट. फॅल्सिपेरमवर नीट उपचार झाले की तो गेला. व्हायवॅक्सचे तसे नाही. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात शिरतात. तिथून काही लगेच वाढून रक्तात उतरतात आणि थंडीताप आणतात. काही मात्र यकृताच्या पेशींत निपचित पडून राहतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावरही त्यातले एखादे जागे होते आणि नवा डास न चावताही माणूस पुन्हा हुडहुडत अंथरुणाला खिळतो. शेतकऱ्याला लव्हाळा समजावून सांगायला नको. खुरप्याने वरची पाती काढली तरी मातीतल्या गाठी तशाच राहतात आणि पहिल्या पावसाला रान पुन्हा हिरवे होते. क्लोरोक्वीन पाती काढते. गाठी काढायला प्रायमाक्वीनच लागते, रोज, सलग १४ दिवस.

घोटाळा होतो तो इथेच. क्लोरोक्वीनचा कोर्स ३ दिवसांचा. बहुतेकांचा ताप तोवर उतरतो, तोंडाला चव येते, कामावर जायची घाई असते. पुढचे दहा-अकरा दिवस गोळी घ्यायची ती कशासाठी? अंग दुखत नाही, ताप नाही. रिकाम्या पोटी घेतली तर उलट मळमळते. मग पट्टी फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याच्या फळीवर जाते, आणि चार महिन्यांनी ताप पुन्हा आला की माणूस म्हणतो, 'परत डास चावला वाटतं.'

कमी दिवसांत भागेल का, हेही बघून झाले आहे. भारतात कित्येक वर्षे सरकारी कार्यक्रमात प्रायमाक्वीन पाचच दिवस दिले जाई. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात रुग्ण गोळा करून याची रीतसर तुलना केली. पाच दिवसांच्या कोर्सने ताप उलटणे थांबत नाही, १४ दिवसांच्या कोर्सने थांबते, असे त्यांना दिसले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही १४ दिवसांचीच पद्धत स्वीकारली. म्हणजे हा १४ चा आकडा कुणी परदेशातून आपल्यावर लादलेला नाही, तो परळच्या वॉर्डांत तपासून घेतलेला आहे. तरी आजही 'पाच दिवस पुरे' म्हणणारे डॉक्टर भेटतात. तुमचे तसे म्हणत असतील, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

एवढे वाचून कुणी म्हणेल, आम्ही अर्धवट सोडले तर आम्हीच भोगू, त्यात शेजाऱ्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर पापुआ न्यू गिनीत मिळाले. तिथल्या सेपिक नदीच्या मुलखात मलेरिया बारमाही. संशोधकांनी ५ ते १० वर्षांची ५२४ मुले घेतली. सगळ्यांच्या रक्तातले जंतू औषधाने संपवले. निम्म्यांना त्याशिवाय यकृतातले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्वीन दिले, उरलेल्या निम्म्यांना दिले नाही. मग ती मुले आपापल्या गावांत, त्याच डासांमध्ये राहिली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना प्रायमाक्वीन मिळाले नव्हते त्यांना पुढच्या काही महिन्यांत व्हायवॅक्सची जी लागण झाली, तिच्यातली दर पाचांतली चार प्रकरणे नव्या डासामुळे नव्हे, यकृतातल्या जुन्या साठ्यामुळे झाली होती. गावातल्या व्हायवॅक्सचा मोठा वाटा डबक्यात नाही, माणसांत साठलेला असतो, हे यातून स्वच्छ दिसले.

त्यात आणखी एक अडचण आहे. फॅल्सिपेरममध्ये डासाला लागण देणारी रूपे रक्तात उशिरा तयार होतात, म्हणून ताप आल्यावर लगेच उपचार केले तर साखळी बरीचशी तुटते. व्हायवॅक्समध्ये ती रूपे तापाच्या बरोबरीने, कधी आधीच, रक्तात हजर असतात. तुम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत तुमच्या खोलीतला डास तुमच्याकडून जंतू घेऊन शेजारच्या खोलीत गेलेला असतो. प्रत्येक उलटलेला ताप असे आणखी डास भरून देणार, हे गृहीत धरा. आणि यकृतात झोपलेला जंतू काचपट्टीवरच्या रक्तात दिसत नाही, बोट टोचून करायच्या झटपट चाचणीतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रक्तातल्या प्रतिपिंडांवरून 'याला गेल्या नऊ महिन्यांत व्हायवॅक्स होऊन गेला' हे ओळखण्याची युक्ती शोधली आहे, पण ती अजून आपल्या आरोग्य केंद्राच्या टेबलावर आलेली नाही. म्हणून आज कुणाच्या यकृतात काय दडले आहे, हे सांगणारी गोष्ट एकच: त्या माणसाची आठवण. तुमची आठवण. यासाठीच हे जाहीर आवाहन.

ज्यांच्या यकृतात जंतू आहेत ते ओळखता येत नसतील, तर गावातल्या सगळ्यांनाच औषध द्यावे का? कल्पना धाडसी आहे, पण नवी नाही. वनुआतू या प्रशांत महासागरातल्या देशाच्या अगदी दक्षिणेला अनेटियम नावाचे बेट आहे. १९९१ साली तिथे ७१८ माणसे राहत होती. अकिरा कानेको या जपानी डॉक्टरांच्या पुढाकाराने पावसाळ्याच्या तोंडावर त्या बेटावरच्या लोकांना नऊ आठवडे, दर आठवड्याला औषधे दिली गेली. त्यात क्लोरोक्वीन होते, फॅल्सिपेरमवरचे दुसरे औषध होते आणि प्रायमाक्वीनही होते. सगळ्यांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या. पाण्यात डासअळ्या खाणारे मासे सोडले. बेटावरच्याच माणसांना रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला शिकवले, आणि बाहेरून बेटावर येणाऱ्यांवर नजर ठेवायचे काम गावाने अंगावर घेतले. फॅल्सिपेरम लगेच नाहीसा झाला. व्हायवॅक्सला १९९६ उजाडले, पण तोही गेला.

या गोष्टीत औषधाइतकेच मोल गावाचे आहे, असे मला वाटते. नऊ आठवडे धडधाकट माणसे दर आठवड्याला रांगेत उभी राहून गोळ्या घेत होती. त्यातल्या बहुतेकांना त्या आठवड्यात काहीही होत नव्हते. पुढे २००२ मध्ये व्हायवॅक्स बेटावर पुन्हा डोकावला तेव्हा तो मुख्यतः विशीच्या आतल्या मुलांना झाला. तरीही तो लवकर पकडता आला, कारण सूक्ष्मदर्शक आणि तो चालवणारी माणसे बेटावरच होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे आवाहन खोटे ठरेल. १९८१ साली निकाराग्वाने अख्ख्या देशात तीन दिवसांची मोहीम काढली. सुमारे १९ लाख लोकांना क्लोरोक्वीन आणि प्रायमाक्वीन दिले. उत्साह जबरदस्त होता. मलेरिया खाली आला, आणि काही महिन्यांत पुन्हा वर गेला. तीन दिवसांत यकृतातला साठा संपत नाही, हे तेव्हा लाखो लोकांवर सिद्ध झाले. याउलट चीनच्या ज्यांग्सू प्रांतात १९७० च्या दशकात वसंत ऋतूत, डासांचा हंगाम सुरू व्हायच्या आत, आदल्या वर्षी मलेरिया झालेल्यांना आणि जिथे प्रादुर्भाव फार तिथे सगळ्याच गावकऱ्यांना प्रायमाक्वीन देत. चिवटपणे, वर्षानुवर्षे. पुढे २०२१ मध्ये अख्खा चीन मलेरियामुक्त जाहीर झाला. त्यात इतर अनेक उपायांचा वाटा आहे, पण हंगामाआधी साठा संपवायचा हा हिशेब मला पटतो. आजचे आवाहन मे महिन्यातले आहे ते त्याच हिशेबाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. केवळ प्रायमाक्वीनच्या जातीचे औषध सरसकट सगळ्या वस्तीला द्यावे, असे संघटनेने म्हटलेले नाही. उलट तसे करू नये असेच सुचवले आहे. याचे एक मोठे कारण आपल्या रक्तात आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. एरवी त्यांना काही त्रास नसतो, कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण प्रायमाक्वीन पोटात गेले की त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. लघवी गडद तांबडी किंवा काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. वेळेवर थांबले नाही तर जिवावर बेतू शकते. हा दोष १९५६ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका तुरुंगात उलगडला. तिथे कैद्यांवर या औषधाच्या चाचण्या चालत. त्या 'स्वयंसेवकांना' नाही म्हणायची मुभा कितपत होती, हा प्रश्न आज विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे. ज्या औषधाचा इतिहास असा आहे, ते कुणाला न विचारता, न तपासता वाटण्याची भाषा मी करणार नाही.

मुंबईकरांसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. १९६० च्या दशकात इथेच झालेल्या तपासण्यांत पारशी समाजात या दोषाचे प्रमाण लक्षणीय आढळले होते, आणि काही आदिवासी समाजांतही तो आढळतो. त्याची वाहक आई असते. पुरुषांत तो तीव्र दिसतो, स्त्रियांत अर्धवट असू शकतो आणि साध्या चाचणीतून निसटू शकतो. परळला केईएमच्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या विषयावर कित्येक वर्षे काम चालू आहे. ज्ञान शहरात आहे. ते वॉर्डातल्या दवाखान्यापर्यंत आणायचे काम उरले आहे. तुमच्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे, ग्रामपंचायतीत काही मागायचेच असेल, तर हायमास्ट दिव्याआधी हे मागा: मलेरियाची चाचणी होते तिथे जी-६-पीडीची चाचणीही झाली पाहिजे. आता एकाच मात्रेत यकृतातले जंतू मारणारे टॅफेनोक्वीन हे औषध निघाले आहे. अमेरिकेत २०१८ साली त्याला मंजुरी मिळाली. १४ दिवसांची कटकट संपेल म्हणून लोक त्याची वाट बघतात. पण ते शरीरात अनेक दिवस टिकते, मध्येच थांबवता येत नाही, म्हणून विकराची नेमकी मोजणी केल्याशिवाय ते देताच येत नाही. चाचणी आज आली नाही, तर उद्याचे औषधही आपल्या उपयोगाचे नाही.

सामूहिक औषधोपचार म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दरवर्षी दारात येतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून तीन औषधांची मोहीम सुरू झाली, त्यातल्या आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो, म्हणून हातात खुणा केलेली काठी असते. तिच्याशेजारी माणूस उभा करायचा, किती गोळ्या ते बघायचे, समोर गिळायला लावायच्या आणि बोटाला शाई लावायची. दारादारात तेच ऐकू येते: 'आत्ता जेवण झालं नाही, ठेवून जा ताई, रात्री घेते.' ती रात्र सहसा येत नाही. 'मला कुठं हत्तीरोग झालाय?' हा दुसरा प्रश्न. निरोगी माणसाला गोळी घ्यायला सांगणे किती अवघड असते, हे त्या बायका दर वर्षी अंगावर घेतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. उद्या मलेरियासाठी आपल्याकडे अशी एखादी मोहीम आखली गेलीच, तर ती याच बायकांच्या पायांवर उभी राहणार आहे.

आता बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार आणि मुकादम मंडळींशी बोलायचे आहे. थोडे कडक.

मुंबईत मलेरिया पसरवणारा डास स्वच्छ पाण्यातला. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला तेव्हा त्यांनी बोट ठेवले होते ते शहरातल्या विहिरींवर. विहिरी बुजवायला, झाकायला निघाल्यावर धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. आज विहिरींच्या जागी लिफ्टचे खड्डे आहेत, स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेले पाणी आहे, निळे ड्रम आहेत, तळघरात झिरपलेले पाणी आहे. तिथेच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि पत्रे लावून केलेल्या खोल्यांत, आठ-आठ माणसे झोपतात. त्यातल्या एकाला ताप येतो. त्याला सुट्टी म्हणजे हजेरी बुडाली. तो तीन दिवस गोळ्या घेतो, चौथ्या दिवशी परांचीवर चढतो, आणि महिन्याभरात दुसऱ्या साइटवर किंवा गावी जातो. यकृतातले जंतू बरोबर जातात. मग आपण म्हणतो, परप्रांतीय मलेरिया घेऊन येतात. अहो, बरेचदा तो आपल्याच लिफ्टच्या खड्ड्यातून त्यांना मिळालेला असतो आणि आपल्याच घाईमुळे अर्धवट राहिलेला असतो. गोव्याने बांधकाम मजुरांसाठी रक्ततपासणी आणि आरोग्यपत्राची सक्ती केली, ती शहाणपणाची होती. पण कार्डावर शिक्का मारून काम संपत नाही.

तुमच्या साइटवर एक वही ठेवा. ज्याला व्हायवॅक्स निघेल त्याचे नाव, पहिल्या गोळीची तारीख आणि पुढे १४ घरे. सकाळी हजेरी लावताना, न्याहारी झाल्यावर, सुपरवायझरसमोर गोळी. त्या पंधरवड्यात त्याची मजुरी कापू नका. तो साइट सोडून निघाला, तर उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि किती दिवस झाले याची नोंद त्याच्या हातात द्या. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला की त्याला गेटवर अडवून ठेवू नका. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी आठवड्यातून एकदा उपसा. जिथे उपसता येत नाही तिथे गप्पी मासे सोडा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे या रविवारीच बघावीत, शिडी घेऊन, वर चढून. वॉचमन, घरकामाला येणाऱ्या बायका, लिफ्टमन यांच्यापैकी कुणाला गेल्या वर्षी मलेरिया झाला होता का, हे आपुलकीने विचारावे आणि गरज पडली तर त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन जावे. औषधविक्रेत्यांनी प्रायमाक्वीनची पट्टी कापून पाच-पाच गोळ्या विकू नयेत. फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती एवढीच, की चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्या दिवशी रुग्णाला एक फोन करा.

हिवताप संपत आला, असे आपण एकदा मानून बसलो होतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. १९७६ साली ते ६४ लाखांच्या वर गेले. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ मध्ये जेमतेम १७ रुग्ण सापडले होते, आणि त्याच दशकाच्या अखेरीस लाखोंची साथ आली. श्रीलंकेने नंतर अनेक दशके चिकाटी धरली तेव्हा कुठे २०१६ मध्ये तो देश मलेरियामुक्त ठरला. भारताने २०३० चे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्ण कमी दिसू लागले की फवारणी आणि तपासणीतली ढिलाई आधी सुरू होते, आणि अर्धवट सोडलेल्या पट्ट्या तिला हातभार लावतात.

कोर्स घेताना काय सांभाळायचे, ते शेवटी सांगतो. प्रायमाक्वीन नेहमी पोटभर खाऊन घ्या. गरोदर स्त्रिया, तान्ह्या बाळांना अंगावर पाजणाऱ्या आया आणि वर्षाच्या आतली बाळे यांना ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय देऊ नका. गरोदरपणात ताप आला असेल तर नंतर काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, कारण यकृतातला साठा बाळंतपणानंतरही तसाच असतो. घरात कुणाला जी-६-पीडीचा दोष असेल, जन्मानंतर बाळाला कावीळ जास्त झाली होती असे असेल, किंवा कुठल्या औषधाने पूर्वी लघवी लाल झाली असेल, तर ते पहिल्या गोळीआधी सांगा. दोष असलेल्यांसाठीही मार्ग आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. कोर्स चालू असताना लघवीचा रंग रोज बघा. ती गडद किंवा काळपट झाली, डोळे पिवळे झाले, जिना चढताना धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि पट्टी बरोबर न्या. तसे काही नसेल, तर रोज एक खूण करत १४ व्या दिवसापर्यंत जा.